न मारलेली हाक

धुंदलवाडीजवळचा पाडा
१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय गंगीबाय,

कुई… कर्र. कुई… कर्र. आठवतो का गं तुला हा आवाज? शेठच्या मधल्या खोलीत आढ्याला लोखंडी कडी होती आणि कडीला पाळणा. त्या कडीला तेल घालायची बंदी होती. आवाज थांबला की पाळणा हलवणारी पोरगी पेंगली, हे शेठाणीला ओसरीवर बसल्या बसल्या कळायचं. पाळण्याची दोरी तुझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. मी खळ्यात गवताच्या पेंढ्यांवर बसून तो आवाज ऐकायचो आणि मला वाटायचं, माझी बहीण आत काहीतरी गाते आहे. सात वर्षांचं पोर मी, मला काय कळणार! त्र्याहत्तर वर्षं झाली त्याला. पण गेले अडीच महिने इथे धरणी हलते आहे ना, तेव्हा भांडी वाजायच्या आधी घरातल्या शिंक्याची कडी कुरकुरते. अगदी तशीच. पाड्यावरची सगळी माणसं धक्का बसला की बाहेर धावतात. मी मात्र क्षणभर ऐकत उभा राहतो. सून ओरडते, “बाबा, बाहेर या, कविता नंतर करा!”

हे पत्र तुला जयवंती वाचून दाखवणार. बाळ जयवंती, तुझ्या आजीला वाचता येत नाही. हजारभर पोरांना मी अक्षरं गिरवायला शिकवली, सख्ख्या बहिणीला एक शिकवलं नाही. म्हणून हे काम तुझ्याकडे आलं. एवढंच सांगतो, मध्ये कुठे अडखळलीस तरी थांबू नकोस, गाळू तर मुळीच नकोस. गाळण्याचं काम मी आयुष्यभर केलं आहे.

तर गंगीबाय, इकडची हकीकत अशी. आम्ही सगळे बाहेर राहतो. ताडपत्रीचा तंबू आंब्याखाली, चूल बाहेर, खाट बाहेर. शाळाही मोहाच्या झाडाखाली भरते. थंडीने पोरं काकडतात पण खूश असतात, वर्गाला भिंती नाहीत म्हणून. नितीनला भिंतीची भीती वाटली, त्याने माझी पत्र्याची ट्रंकही बाहेर आणून टाकली. नातूच तो, आजोबाच्या जिवापेक्षा ट्रंकेची काळजी जास्त. त्या ट्रंकेत बाच्या तीन वह्या आहेत. तुला त्या वह्यांचं मी कधी बोललो नाही. सत्तेचाळीस पानी, निळ्या पुठ्ठ्याच्या, वाळवीने कडा खाल्लेल्या.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात बाने त्या सांगितल्या आणि मी लिहिल्या. बा दुपारी दारात बसून अंबाडीची दोरी वळायचा. एक दिवस मला म्हणाला, “मास्तर झालास, सरकारचं लिहितोस, पोरांचं लिहितोस. माझं लिही.” मी हसलो. म्हटलं, बा, तुझं काय लिहायचं? दोरी वळता वळता म्हणाला, “शेठच्या वहीत माझं नाव होतं. आता माझ्या वहीत शेठचं नाव पायजे.” जयवंतीला कळावं म्हणून सांगतो. तुझ्या पणजोबाचं, म्हणजे लक्ष्याचं लग्न लागलं तेव्हा भात, कापड आणि ताडी शेठने दिली आणि तेवढ्यावर नवराबायको दोघांचा जन्म लिहून घेतला. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मरेपर्यंत चाकरी. मेल्यावर पोरांची. हळद अंगावरून उतरायच्या आत माणूस विकला जायचा आणि मांडवात लग्न लावणारी धवलेरी गातच असायची.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, कवितेच्या पुस्तकांनी डोकं भरलेलं. पहिल्या दिवशी बा बोलला ते मी घरी नेऊन नटवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं, “रवी अस्ताचलाला टेकला होता आणि माझ्या नशिबीचा अंधार…” बाने दोरी खाली ठेवली. “हा रवी कोण? आपल्यात या नावाचा कुणी नव्हता.” आय चुलीपाशी एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बा मात्र हसला नाही. म्हणाला, “मी बोलीन तसं लिही. शेठ पण असंच करायचा. मी एक बोलायचो, वहीत दुसरं उतरायचं.” त्यानंतर मी एक शब्द नटवला नाही. फटके, शिळा भात, गवत कापून सुजलेले हात, आयला बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी खळ्यात उभं केलं ते, सगळं जसंच्या तसं. तीन वह्या भरल्या. सगळं बोलला तसं लिहिलं, म्हणून सगळं खरं, असं मी बाहेरच्यांना आजवर सांगत आलो.

आमच्या शाळेवर निलम म्हणून बाई आल्या आहेत. सायवनच्या, आपल्यातल्याच. त्या मोहाखाली शिकवतात आणि मधल्या सुट्टीत माझ्याकडे चहाला येतात. ट्रंक उघडी दिसली, वह्या पाहिल्या, चार दिवसांत वाचून काढल्या. डोळे सुजवून आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, आपल्यावर कितीतरी बाहेरच्यांनी लिहिलं. हे आपल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. हे छापायचं. पोरांच्या हातात द्यायचं.” डहाणूच्या छापखान्यात त्या बोलूनही आल्या. शिक्षकांनी वर्गणी काढली. येत्या सोमवारी वह्या द्यायच्या आहेत. मी हो म्हणालो, गंगीबाय. छाती फुगली माझी. मग त्या जाता जाता म्हणाल्या, “एक विचारू? तिसऱ्या वहीतली ही गंगी कोण? सगळे गडी सुटून निघाले आणि ती मालकाच्याच घरात राहिली! अशी कशी हो पोर? की गुलामीचीही सवय लागते माणसाला?” मी म्हटलं, चहा घ्या, निवतो आहे.

तिसऱ्या वहीत काय आहे ते आता सांगतो. बा बोलला ते असं, “लाल बावटा घेऊन दोनशे माणूस शेठच्या फाटकाशी आलं. ओरडलं, गडी लोक बाहेर या, आजपासून कुणी कुणाचा गडी नाय. मी कुऱ्हाड ठेवली. बायकोने सूप ठेवलं. पोरगी आत पाळण्यापाशी होती. पोराला धाडला तिला बोलवाया. पोराने येऊन सांगितलं, येते म्हणाली. आली नाय. त्यांच्या घरचा भात तिला गोड लागला. मी सुटलो, ती सुटली नाय, तिला सुटायचंच नव्हतं.” हे मी लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात. ‘येते म्हणाली’ या शब्दांपाशी शाईचा डाग आहे, टाक तिथे टेकून राहिला होता. बा म्हणाला, “काय रे, लिही की.” मी लिहिलं.

गंगीबाय, तू येते म्हणाली नव्हतीस. मी तुला बोलावलंच नव्हतं.

झालं लिहून. आता पुढचंही लिहितो, नाहीतर हेही अर्धंच राहील. बाने मला सांगितलं, “पुढून नको जाऊ, मागल्या अंगाने जा, खिडकीतून हाक मार. म्हण बा बोलावतो, दोरी सोड नि ये.” मी धावत मागे गेलो. मधल्या खोलीची खिडकी उघडी होती, आतून पाळणा वाजत होता. कुई, कर्र. शेजारच्या पडवीत शेठच्या मुलाची शिकवणी चालली होती. फाटकावरचा गलका पोराच्या कानी पडू नये म्हणून मास्तर त्याच्याकडून कविता मोठ्याने म्हणवून घेत होते. मी आयुष्यात कविता ऐकली नव्हती. आपली गाणी ऐकली होती, तारप्याचा सूर ऐकला होता, पण हे काही वेगळंच होतं. शब्द पाण्यावर तरंगत यावेत तसे येत होते.

कोण उभे ते पैलतिराला, वाट कुणाची पाहतसे?
नावाड्या रे, लाव किनारी, दिवस उन्हाचा जात असे.

शेठचा पोरगा चुकायचा, मास्तर पुन्हा म्हणवून घ्यायचे. पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. तुझ्या पाळण्याचा ठेका त्या ओळींना बरोबर बसत होता. तुझ्यात आणि माझ्यात तीन हात अंतर होतं. ‘गंगी’ एवढा दोन अक्षरी शब्द. पण मी हाक मारली असती तर कविता थांबली असती. एवढंच कारण. मला कुणी अडवलं नाही, धमकावलं नाही, मी घाबरलोही नव्हतो. मला ती कविता शेवटपर्यंत ऐकायची होती.

फाटकाकडून ढोल वाजला, माणसं निघाली. मला वाटलं, बा मला टाकून चालला. मी पळत सुटलो. बाने विचारलं, “गंगी?” आणि माझ्या तोंडातून आलं, “येते म्हणाली.” कुठून आलं देव जाणे. मला वाटलं, तू येशीलच. सगळेच येत होते, तू कशी येणार नाहीस? तुझ्या अंगठ्याला दोरी बांधलेली आहे, हे मला त्या क्षणी आठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी बा चार माणसं घेऊन परत गेला, तर घराला कुलूप. शेठचं कुटुंब मोटारीने स्टेशनावर आणि तिथून गुजरातेत सासुरवाडीला गेलेलं. पाळणा गेला, तूही गेलीस. अकरा वर्षांची होतीस. आय सहा महिने रोज पाण्याला जाताना वाटेवर उभी राहायची. मी तिला काही सांगितलं नाही. आधी भीतीने, मग लाजेने, आणि मग आता उशीर झाला म्हणून. उशीर तर पहिल्याच दिवशी झाला होता.

आणखी अकरा वर्षांनी तू आलीस, ते मला आजही दिसतं. हिरवं लुगडं, पाठीमागे पांड्याभावजी काखेत गाठोडं घेऊन. शेठचं घर सोडून आली होतीस, नरपडच्या चिकूवाडीत दोघांना काम लागलं होतं, पहिल्या सुट्टीला तू बाच्या दारी आलीस. बा दारातच बसला होता. उठला नाही. म्हणाला, “येते म्हणालीस, तेव्हाच यायचं होतंस.” तुला कळलंच नाही. तू म्हणालीस, “मला कुणी बोलावलंच नाही, बा. मी पाळण्यापाशी वाट बघत होते.” बाचं तोंड कसं झालं! “वा! खोटं पण शिकून आली त्यांच्या घरातून.” मी आत होतो, अध्यापन वर्गाचं पुस्तक मांडीवर. अठरा वर्षांचा घोडा. तू बाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी पान उलटलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढं मोठं काही केलं नसेल, गंगीबाय, जेवढं ते एक पान उलटणं होतं.

त्यानंतर या उंबऱ्यावर तू पाय ठेवला नाहीस. आय गेली तेव्हा आलीस, पण त्या समोरच्या आंब्याखालीच उभी राहिलीस, जिथे आज मी बसलो आहे. बा गेला तेव्हा आलीच नाहीस. आशागडच्या बाजारात भेट व्हायची. तू फडक्यात सुके बोंबील बांधून द्यायचीस, म्हणायचीस, “घे मास्तर.” कधी त्यावर चार गोष्टी बोलायचीस, समुद्र कसा आहे, चिकूला भाव काय. पण लहानपणासारखं चिमण्या नाही म्हणालीस. त्या दिवसापासून मी तुझा मास्तर झालो. मी घरी येऊन बोंबील सुनेच्या हाती द्यायचो आणि अंगणात उगीच फेऱ्या मारायचो. सून म्हणायची, बाबांना नवीन कविता सुचते वाटतं.

तीन वर्षांमागे तुझं लग्न लागलं, नातवाच्या मांडवात. आपल्यात असं होतं, जन्मभर एकत्र राहून म्हातारपणी हळद लागते, हे शहरातल्यांना सांगितलं तर हसतात. पण तुझं कारण वेगळं होतं, मला बाजारात कळलं होतं. तू पांड्याभावजींना म्हणाली होतीस, ज्या लग्नापायी बा विकला गेला ते लग्न मी बाचा हात पाठीवर असल्याशिवाय करणार नाही. बाचा हात काही आला नाही. शेवटी नातवाचं अडलं, आजी-आजोबांचं झाल्याशिवाय त्याचं कसं लावणार? तेव्हा ब्याऐंशीव्या वर्षी तू बाशिंग बांधलंस. मला निरोप आला होता. मी नवं धोतर नेसून नरपडला आलो. मांडवाच्या मागे सुरूच्या झाडापाशी उभा राहिलो. आत धवलेरी गात होती, पांड्याभावजी लाजून मान खाली घालून बसले होते, बायका त्यांची थट्टा करत होत्या, “नवरदेवाला धरा गं, पळून जाईल!” तू हसलीस. मी तुला हसताना किती वर्षांनी पाहिलं! आत यावं तर पाऊल उचलेना. मी तसाच परत फिरलो आणि दुपारची गाडी धरली. पुढच्या साली भावजी गेले, तेव्हाही माझं पत्र दोन ओळींचंच.

ती कविता मी पस्तीस वर्षं शिकवली. कुठल्याही पाठ्यपुस्तकात ती मला पुन्हा सापडली नाही, पण मला पाठ होती. दर वर्षी पोरांना शिकवायचो आणि दुसरी ओळ दोनदा म्हणायचो. पोरं म्हणायची, गुरुजी किती जीव ओतून शिकवतात. माझ्या निरोपसमारंभात चार जणांनी ती म्हणून दाखवली. पैलतिराला कोण उभं होतं ते फक्त मला माहीत होतं.

आता हे सगळं आज का, ते सांगतो. सोमवारी वही छापखान्यात जायची. बाचे शब्द मी बदलणार नाही, तो हक्क मला नाही. पण ते तसेच छापले तर मोहाखाली बसणारी पोरं वाचतील की दोनशे माणसं सुटली आणि गंगी नावाची एक मुलगी भाताच्या लालचीने मागे राहिली. निलमबाईंसारखी शहाणी बाई जे विचारते ते तीही विचारतील. म्हणून बाच्या त्या पानाखाली मी माझं एक पान लिहिलं आहे. त्यात एवढंच आहे, ‘हे खोटं बाला मी सांगितलं. तिला कुणी हाक मारली नाही. चिमण लक्ष्या.’ ते छापावं की तिसरी वही चुलीत घालावी, हे तू सांग. आणि तुला वाटलं तर चौथी वही कोरी आहे. तू सांग, मी लिहीन, बोलशील तसं. पाळण्यापाशी किती वेळ वाट पाहिलीस, तिथपासून. माफी मागत नाही. माफी मागायला बा तरी हवा होता, निदान आय. त्या दोघांनाही मी तुझ्यावर रुसलेलंच जाऊ दिलं.

पत्र इथे संपवून नितीनच्या हाती देणार होतो. पण मघाशी रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि कुणी म्हातारी काठी टेकत, मला न बघता, सरळ घराच्या दाराशी गेली. मला वाटलं तंबूची चौकशी करणारी कुणी असेल. ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली आहे. चौकटीला एक हात धरला आहे. पाठ माझ्याकडे आहे, पण चालताना डावा पाय किंचित ओढायची ही सवय मी ओळखतो. घर रिकामं आहे आणि ती त्या रिकाम्या घरात तोंड घालून ओरडते आहे, “चिमण्या! ए चिमण्या! धरणी हलते नि आत काय बसलास! बाहेर ये!”

गंगीबाय, पंच्याऐंशीव्या वर्षी तू मला बाहेर बोलवायला आलीस. जयवंतीची गरज उरली नाही, आता हे मलाच तुला वाचून दाखवायचं आहे, माझ्याच तोंडाने. तू दुसरी हाक मारलीस. ओ देतो.

तुझाच,
चिमण्या